दिल्लीकडे बघत बसण्यापेक्षा विधानसभेत कायदा मागा

महाराष्ट्रात नवऱ्याने राहता फ्लॅट बायकोला बक्षीसपत्राने दिला तर मूळ स्टॅम्प ड्युटी लागते २०० रुपये. मुलाला, मुलीला, नातवंडांना दिला तरी तेवढीच. आता समजा दोन पुरुष गेली वीस वर्षं एकत्र राहतायत, घराचे हप्ते दोघांनी मिळून फेडलेत, पण कागदावर नाव एकाचंच आहे, आणि आता वय झालं, बीपी-शुगर मागे लागली म्हणून त्याला फ्लॅट जोडीदाराच्या नावावर करायचाय. कायद्याच्या नजरेत हा माणूस आपलं घर परक्याला देतोय. मग खरेदीखताला लागते तशी पूर्ण ड्युटी, ५ टक्के धरली तरी ८० लाखांच्या फ्लॅटवर ४ लाख रुपये. घर तेच, सोबत तीच, आणि एका जोडप्याला २०० रुपये तर दुसऱ्याला ४ लाख.

हा नियम इंग्रजांनी केलेला नाही, संसदेनेही नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम हा आपल्या विधिमंडळाचा कायदा आहे, २०० रुपयांची ती सवलतही आपल्याच विधिमंडळाने दिली आहे, आणि त्या यादीत एक शब्द वाढवायचा तर मुंबईत बसलेले आमदार तो वाढवू शकतात. मी हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण एलजीबीटी म्हणजे समलिंगी, बायसेक्शुअल आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना आपोआप दिल्लीकडे वळतात. सुप्रीम कोर्ट काय म्हणतंय, केंद्र सरकार काय ॲफिडेव्हिट देतंय, संसदेत काही होणार का. राज्याने काय करायचं हे कोणी विचारतच नाही आणि म्हणून राज्याला उत्तरही द्यावं लागत नाही.

कोर्टाने काय केलं ते थोडक्यात बघू. २०१४ च्या नाल्सा निकालाने तृतीयपंथी आणि ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) लोकांची स्वतंत्र ओळख मान्य केली, त्यांना शिक्षणात आणि नोकरीत मागास वर्ग म्हणून आरक्षण द्या असं केंद्रालाच नाही तर राज्यांनाही सांगितलं. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. तो दिवस आमच्यातल्या कित्येकांना आयुष्यभर लक्षात राहील, लोक रस्त्यावर रडत होते, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. पण त्या निकालाने काय मिळालं तर आम्ही गुन्हेगार नाही एवढं. गुन्हेगार नसणं आणि बरोबरीचा नागरिक असणं यात खूप मोठं अंतर आहे, आणि ते अंतर कायदेमंडळानेच भरून काढावं लागतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच सांगितलं, की समलिंगी लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, ते काम कायदेमंडळाचं. निकालाने अनेकांचं मन मोडलं, माझंही मोडलं. पण त्याच निकालपत्रात तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या मतात एक वाक्य आहे ज्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीतल्या, ५ व्या नोंदीखाली (लग्न आणि वारशासारखे विषय) असा कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे आणि राज्यांच्या विधिमंडळांनाही आहे. समलिंगी जोडप्यांच्या हक्कांच्या मुद्द्यांवर त्यांचं मत अल्पमतात गेलं हे खरं, पण राज्याच्या अधिकाराची ही गोष्ट राज्यघटनेत लिहिलेलीच आहे, ती कोणाच्या बहुमतावर अवलंबून नाही.

आणि महाराष्ट्राला हे काही नवीन आहे का? मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देशभर मिळाला २००५ साली. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता, २२ जून १९९४ पासून. त्यातही त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, कायदा अपुराच होता, पण झाला आणि अकरा वर्षांनी दिल्ली त्याच वाटेने गेली. रोजगार हमीचा आपला कायदा १९७७ चा, देशाचा २००५ चा. माहिती अधिकाराचा आपला कायदा २००२ चा, देशाचा पुन्हा २००५ चाच. यातला हिंदू वारसा कायदा तर सरळसरळ कौटुंबिक कायदा आहे, केंद्राचा, आणि त्यात राज्याने दुरुस्ती केली, कोणी म्हणालं नाही की हा तुमचा प्रांत नव्हे. लग्नाच्या कायद्यातही हे झालेलं आहे. तमिळनाडूने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात ७अ हे कलम घातलं आणि भटजीशिवाय, सप्तपदीशिवाय, मित्र-नातेवाइकांसमोर हार घालून केलेलं स्वाभिमान लग्न कायदेशीर केलं. म्हणजे लग्न कशाला म्हणायचं हे एका राज्याने आपल्यापुरतं ठरवलं आणि आकाश कोसळलं नाही.

तर मुद्दा असा की माणसाला रोजच्या जगण्यात जिथे जिथे ठेच लागते, घर, दवाखाना, नोकरी, पोलीस चौकी, शाळा, त्यातलं बहुतेक सगळं राज्याच्या हातात आहे. लग्नाचा प्रश्न मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही, पण लग्नाच्या आधी राहायला जागा लागते.

जागेचंच बघा. दोन मुली भाड्याने घर शोधतायत. एजंट विचारतो बहिणी का, मैत्रिणी का, आधी हो म्हणतो. ॲग्रीमेंट होतं, डिपॉझिट जातं, पोलीस व्हेरिफिकेशन होतं. चार महिन्यांनी शेजारच्यांना काहीतरी लक्षात येतं, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे कुजबुज पोचते, मग घरमालकाचा फोन येतो की आमच्या गावाकडची माणसं राहायला येणार आहेत, महिन्याभरात खाली करा. कारण कोणीच तोंडाने बोलत नाही. आणि बोललं तरी काय करणार? घटनेतली १४, १५, १६ ही कलमं मुख्यतः सरकारने भेदभाव करू नये म्हणून आहेत, खाजगी घरमालकाला किंवा खाजगी कंपनीला ती थेट लागू होत नाहीत. त्यासाठी वेगळा कायदा लागतो आणि लैंगिक कलावरून घर नाकारणं चूक आहे असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. ट्रान्स लोकांसाठी २०१९ चा केंद्राचा कायदा घर आणि नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो, पण गे, लेस्बियन, बायसेक्शुअल लोक त्यात येतच नाहीत, आणि तो झाला तेव्हा त्यात ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचारालाही शिक्षा ठेवली गेली ६ महिने ते २ वर्षं. इतर बाईवर बलात्कार झाला तर किमान १० वर्षं. यावरून कोणाच्या शरीराची किती किंमत धरली ते कळतं.

सहकारी सोसायट्या हा तर पूर्णपणे राज्याचा विषय. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, त्यात २०१९ मध्ये हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि सहयोगी सदस्य, म्हणजे मूळ सदस्याच्या वतीने त्याचे हक्क वापरू शकणारा माणूस, कोणाला करता येईल त्याची यादी दिली, नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतणे, भाचे. भाचा चालतो पण पंचवीस वर्षं त्याच घरात राहणारा, मेंटेनन्सचा चेक लिहिणारा, पाण्याच्या टँकरसाठी रात्री खाली उतरणारा जोडीदार चालत नाही. मूळ सदस्य गेला की दुसऱ्या दिवशी तो सोसायटीच्या लेखी कोणीच नसतो. ही यादी २०१९ ला लिहिली गेली, नवतेज निकालानंतर एका वर्षाच्या आत. तेव्हा सभागृहात एका जरी आमदाराने हात वर करून विचारलं असतं तर कदाचित त्यात एक ओळ वाढली असती. म्हणूनच म्हणतो की विधिमंडळात आपलं कोणीतरी लक्ष ठेवणारं असलं पाहिजे.

दवाखान्यात काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच विचारा. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही लागते, काउंटरवरचा माणूस विचारतो पेशंटचे कोण, तुम्ही म्हणता पार्टनर, तो म्हणतो घरचं कोणी नाही का, आणि ज्या घरच्यांनी दहा वर्षांपूर्वी पेशंटला घराबाहेर काढलं त्यांना फोन लावायला लागतो. मग ते येतात आणि पहिलं काम करतात ते म्हणजे तुम्हाला आयसीयूच्या दारातून हाकलतात. पैसे तुम्ही भरलेले, औषधांची यादी तुम्हाला पाठ, कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे ते तुम्हाला माहीत, आणि आत जायचा हक्क मात्र त्यांचा. २०२४ मध्ये केंद्राने काही सूचना काढल्या, रेशनकार्डासाठी क्वीअर जोडीदार एकाच घरातले धरा, जॉइंट बँक खातं उघडायला हरकत नाही, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेऊ द्या. चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, रात्री २ वाजता ड्युटीवरच्या ज्युनिअर डॉक्टरला ते पत्र माहीत नसतं आणि त्याने ऐकलं नाही तर त्याच्यावर काही होत नाही. रुग्णालयं हा राज्यसूचीतला विषय आहे. खाजगी दवाखान्यांची नोंदणी आपल्याच १९४९ च्या कायद्याने होते, त्याच्या नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्क सनद आली. त्या सनदेत एवढं एक वाक्य हवं की पेशंटने स्वतः ज्याचं नाव दिलं तो त्याचा जवळचा माणूस, मग रक्ताचं नातं असो वा नसो. याचा फायदा एकट्या राहणाऱ्या विधवेला होईल, मुलं परदेशात असलेल्या म्हाताऱ्या माणसाला होईल, फक्त आम्हालाच होईल असं नाही.

नोकरीचं तर फारच सोपं आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाई आहे म्हणून भरतीत, बढतीत, पगारात भेदभाव करायचा नाही असं कलम आहेच. त्याच कलमात लैंगिक कल आणि लिंगओळख हे दोन शब्द घाला, अर्ध्या पानाची दुरुस्ती आहे. सरकारी नोकरीत कर्नाटकाने २०२१ मध्ये ट्रान्स उमेदवारांना १ टक्का समांतर आरक्षण दिलं, म्हणजे ज्या त्या जातप्रवर्गाच्या आतच १ टक्का. आपल्याकडे काय झालं, तर डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या ऑनलाइन फॉर्मवर स्त्री आणि पुरुष सोडून तिसरा पर्याय ठेवायला सरकार तयार नव्हतं, मुंबई हायकोर्टाने कान उपटल्यावर तयार झालं. फॉर्मवरच्या एका रकान्यासाठी हायकोर्ट! आपल्याकडे तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ आहे, २०२४ मध्ये धोरणही मंजूर झालंय, पण धोरण दाखवून कोर्टात हक्क मागता येत नाही, सरकार बदललं की धोरणाची फाइल कुठे जाते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कायदा तसा सहजी कपाटात जात नाही.

आणि पोलीस. मला विचाराल तर सगळ्यात आधी इथे हात घातला पाहिजे. दोन सज्ञान मुली घर सोडून एकत्र राहायला जातात, घरचे मिसिंगची कंप्लेंट देतात, कधी थेट अपहरणाची, आणि मग दुसऱ्या जिल्ह्यातून पोलिसांची गाडी येते. मुलगी २३ वर्षांची आहे, आधारकार्ड दाखवतेय, मी माझ्या मर्जीने आलेय म्हणून लिहून देतेय, तरी तिला गाडीत घालून घरच्यांच्या ताब्यात दिलं जातं आणि पुढे तिचं लग्न लावून दिलं जातं किंवा एखाद्या बाबाकडे नाहीतर डॉक्टरकडे नेलं जातं बरं करायला. मद्रास हायकोर्टात २०२१ साली अशाच दोन मुलींच्या याचिकेतून केवढं काम उभं राहिलं बघा. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी त्यात सविस्तर आदेश दिले, २०२२ मध्ये तमिळनाडूने पोलिसांच्या वर्तणूक नियमांत बदल करून एलजीबीटी लोकांना त्रास देणं हे गैरवर्तन ठरवलं, आणि त्याच खटल्यामुळे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे अशा ‘बरं करण्याच्या’ उपचारांना, व्यावसायिक गैरवर्तन म्हटलं. पण ते डॉक्टरांपुरतं. अंगारा लावणाऱ्याचं, कोंडून ठेवणाऱ्याचं, उपाशी ठेवणाऱ्याचं काय? ज्या राज्याने नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला त्या राज्याला याचं उत्तर वेगळं सांगायला नको. समलैंगिकता बरी करतो म्हणून कोणी पैसे घेतले, मारहाण केली, कोंडलं, औषधं दिली, तर तो गुन्हा असं त्याच धर्तीवर स्पष्ट लिहिता येईल.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. पहिलं म्हणजे तुम्ही आहातच किती. २०१३ च्या कौशल निकालात सुप्रीम कोर्टानेही हाच मुद्दा धरून ३७७ परत जिवंत केलं होतं, की हे लोक अगदी मूठभर आहेत. पाच वर्षांनी त्याच कोर्टाला ते खोडावं लागलं. हक्क डोकी मोजून द्यायचे असतील तर मग राज्यघटनेची गरजच काय, निवडणुका पुरेत. दुसरं म्हणजे समाज तयार नाही. समाज तयार होईपर्यंत थांबायचं असतं तर मुलींना १९९४ ला वाटा मिळाला नसता, आजही अर्ध्या घरांत भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोच, पण आता नाही म्हणायला तिच्या हातात कायदा आहे, तेवढा फरक पडतो. आणि समाज म्हणजे कोण? जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका ट्रान्स उमेदवाराचा महिला वॉर्डातला अर्ज अधिकाऱ्यांनी फेटाळला होता, औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि गावाने तिला निवडून दिलं. अडवलं कोणी, सरकारी टेबलाने. मत कोणी दिलं, गावाने. मग तयार कोण नाही ते तुम्हीच ठरवा.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. राज्याने असा कायदा केला आणि तो केंद्राच्या कायद्याला आडवा गेला तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळेलच असं नाही. महिलांवरच्या अत्याचारांसाठी आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्याला ती संमती मिळालीच नाही. त्यामुळे सगळं एकाच विधेयकात कोंबणं ही घोडचूक ठरेल असं माझं स्पष्ट मत आहे. स्टॅम्प ड्युटी, सोसायट्या, दवाखाने, पोलिसांचे वर्तणूक नियम, राज्य सरकारी नोकऱ्या, हे सगळं राज्याच्या हातातलं, ते एका बाजूला ठेवा आणि आधी मंजूर करून घ्या. काही गोष्टींना तर विधेयकही लागत नाही, नियम बदलले, अधिसूचना काढली की झालं. जोडीदार नोंदणीचा कायदा वेगळा आणा. लग्न या शब्दावरून भांडण लांबणार असेल तर नोंदणीकृत सहजीवन म्हणा, महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह नोंदणीचा स्वतःचा कायदा आहेच, नोंदवही ठेवायची यंत्रणा आहे, निबंधक आहेत. तो संमतीसाठी अडकला तर अडकू दे, त्याच्यापायी बाकीचं अडकायला नको. तसंच भारतीय न्याय संहितेचं. १ जुलै २०२४ पासून ३७७ कलम पूर्णच गेलं आणि त्याबरोबर पुरुषावर झालेल्या बलात्काराला असलेलं एकमेव कलमही गेलं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, राज्य दुरुस्ती सुचवू शकतं, पण तीही वेगळ्या विधेयकात.

काही मित्र म्हणतात की तुकड्यातुकड्याने घेतलं की पूर्ण हक्क कधीच मिळत नाही, लग्नच मागा, त्याहून कमी काही नको. त्यांचा राग मला समजतो आणि लग्नाची मागणी सोडायची नाहीच आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत समलिंगी विवाहासाठी खाजगी विधेयक मांडलं, तशी विधेयकं पुन्हा पुन्हा यायला हवीत. पण आयसीयूच्या दारात आज जो उभा आहे त्याला दहा वर्षं थांब असं मी सांगू शकत नाही.

आता करायचं काय. विधिमंडळाचं अधिवेशन वर्षातून तीनदा भरतं, विधानसभेत २८८ आमदार आहेत, परिषदेत ७८. अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने न आणलेलं, मंत्री नसलेला कुठलाही आमदार मांडू शकतो, ते मंजूर होण्याची शक्यता कमीच असते पण त्याचा मसुदा छापला जातो, रेकॉर्डवर येतो, सरकारला त्यावर भूमिका घ्यावी लागते. त्याच्याही आधी तारांकित प्रश्न आहे, म्हणजे ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न. मुद्रांक अधिनियमातल्या सवलतीत समलिंगी जोडीदारांचा समावेश करण्याचा सरकारचा विचार आहे काय, असल्यास कधी, नसल्यास कारण काय, एवढा प्रश्न महसूल मंत्र्यांना लेखी विचारला तरी त्यांच्या खात्याला पहिल्यांदा या विषयाची फाइल उघडावी लागेल. राष्ट्रवादीने २०२० मध्ये एलजीबीटी सेल काढला, इतर पक्षांतही आपली माणसं आहेत, त्यांनी फक्त जूनमध्ये प्राइडच्या (एलजीबीटी अभिमान महिन्याच्या) शुभेच्छांची पोस्ट टाकण्यापुरतं न राहता आपल्या आमदाराच्या टेबलावर हे प्रश्न टाइप करून ठेवावेत. मुंबई, पुणे, नागपूरला वकिलांची आणि संस्थांची कमी नाही, मसुदा आपणच लिहून द्यायला हवा कारण मंत्रालयात बसून तो कोणी आपल्यासाठी लिहिणार नाही. आणि तुमच्या मतदारसंघातला आमदार कुठल्याही पक्षाचा असो, पुढच्या वेळी तो दारात मत मागायला आला की त्याला स्टॅम्प ड्युटीचा आणि दवाखान्यातल्या सहीचा प्रश्न विचारा, उत्तर लिहून घ्या आणि अधिवेशन संपल्यावर पुन्हा त्याच्या ऑफिसात जा.